गोल्ड, सिल्व्हर, फनकार्ड: सॅटेलाइट रिसीव्हरची ती कोरी कार्डं नेमकी कशी होती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे साताऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतात. त्यांचे काका बरीच वर्षं जर्मनीत राहून परत आले आणि त्यांच्या सामानात एक जुना डिजिटल सॅटेलाइट रिसीव्हर निघाला. सोबत रिसीव्हरच्या फटीत घालायची चार चिपकार्डं (सशुल्क चॅनेल अशाच कार्डाने उघडतात): एक सोनेरी, एक चंदेरी, एक 'फनकार्ड' लिहिलेलं, एक उघड्या हिरव्या सर्किट बोर्डाचं लांबट कार्ड आणि कार्डांत प्रोग्राम भरण्यासाठी कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला लावायचा प्रोग्रामर. काकांनी त्या काळी वापरणाऱ्यांची मतंही छापून जपून ठेवली आहेत: गोल्ड मंद आहे, सिल्व्हर पैसे वाया घालवतं, फनकार्डाला तोड नाही, चित्र मधेच अडकतं, नव्या रिसीव्हरमध्ये कार्ड ओळखतच नाही, स्वस्तातली कार्डं फसवी, शुक्रवारी चालत होतं आणि सोमवारी मेलं. विचारायचं आहे ते हे: ही मतं कितपत खरी होती, हे सगळं आपल्या गच्चीवरच्या डिशला चालेल का, आणि चालणार नसेल तर याचं करायचं काय.

मी कार्ड आणि कार्ड रीडरच्या फर्मवेअरवर काम करतो. त्याआधी सेट-टॉप बॉक्सच्या चाचण्यांचं काम केलं आहे, त्यामुळे ही कार्डं हातून गेलेली आहेत. त्यांच्यावर आता फारसं कुणी लिहीत नाही आणि जुनी मतं वाचणाऱ्याची दिशाभूल होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गच्चीवरच्या डिशचं आधी सांगतो, कारण तिथे फार बोलण्यासारखं नाही. ही कार्डं कोणत्याही डीटीएच सेवेला चालणार नाहीत. ती कोरी आहेत, म्हणजे प्रोग्राम वापरणाऱ्यानेच भरायचा. त्यांच्यात ना वर्गणीदाराची ओळख आहे, ना सेवेच्या चाव्या. आपल्याकडे कस्टमर केअरवाला ज्याचा 'व्हीसी नंबर सांगा' म्हणतो, ते व्ह्यूइंग कार्ड त्याच्या बॉक्सशी जोडलेलं असतं. कार्डातून बाहेर पडणारं उत्तरसुद्धा त्या एकाच बॉक्सच्या चिपला उलगडेल असं बांधलेलं असतं, म्हणून खरं कार्डही शेजाऱ्याच्या बॉक्समध्ये चालत नाही. शिवाय आता कितीतरी बॉक्समध्ये कार्डच नसतं, सगळं काम मुख्य चिपमध्येच होतं. युरोपातले चॅनेल इथे लागतील अशीही आशा ठेवू नका. युरोपातले चॅनेल दाखवणारा हॉट बर्ड उपग्रह १३ अंश पूर्वेला आहे. साताऱ्याहून पश्चिमेच्या आकाशात तो क्षितिजाच्या वर जेमतेम वीसेक अंशांवर येतो खरा, पण त्याचे झोत युरोप आणि आसपासच्या प्रदेशाकडे वळवलेले आहेत. घरगुती डिशवर इथे काही मिळणार नाही.

रिसीव्हर मात्र टाकू नका. तो साधा डीव्हीबी-एस, एमपीईजी-२ म्हणजे जुन्या डिजिटल पद्धतीचा असणार. डीडी फ्री डिशचे एमपीईजी-२ चॅनेल मोफत आहेत, त्यांना कार्ड लागत नाही. केयू बँडचा एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल टिपणारा डबा) लावा आणि डिश जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला धरा. साताऱ्याहून ती दिशा आग्नेय येते आणि उपग्रह आकाशात साधारण ६० अंश उंचीवर असतो. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असल्यामुळे तिचं तोंड त्यापेक्षा बरंच सरळ उभं दिसेल. ते पाहून कोन चुकला असं समजून डिश आडवी करू नका. चॅनेल शोधून घेतले की सह्याद्री त्या जर्मन डब्यावर छान दिसेल.

आता मतांकडे वळू. माझं म्हणणं असं की त्यातली बहुतेक मतं कार्डाबद्दल नव्हतीच. कुणी रिसीव्हरच्या घड्याळाबद्दल बोलत होतं, कुणी व्होल्टेजबद्दल, कुणी प्रक्षेपण कंपनीने रातोरात केलेल्या बदलाबद्दल, तर कुणी चक्क पावसाबद्दल. कार्ड समोर दिसत होतं, म्हणून श्रेयही त्यालाच आणि खापरही त्यालाच. एकदा कार्डाच्या आत डोकावलं की कोणतं मत कशाबद्दल आहे हे वेगळं काढता येतं.

आत काय असतं? एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला कॉम्प्युटर, आणि त्याच्या बाजूला एक सीरियल ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप, बस. सोनेरी कार्डात मायक्रोचिपचा पिक १६एफ८४ आणि २४एलसी१६. चंदेरीत पिक १६एफ८७६ किंवा ८७७ आणि २४एलसी६४. फनकार्डात ॲटमेलचा एटी९०एस८५१५, आणि सोबतचा ईईप्रॉम ८, १६ किंवा ३२ किलोबाइटचा. फनकार्डाच्या नावापुढचा आकडा वाढत गेला तो या ईईप्रॉमच्या आकारावरून. सोनेरी आणि चंदेरी हे फक्त प्लास्टिकचे रंग. हिरवं लांबट कार्ड हे यांचं थोरलं भावंड. त्यात चिपा उघड्यावर सोल्डर केलेल्या असतात आणि रिसीव्हरच्या फटीत शिरतो तेवढा भाग पातळ ठेवून बाकीचा बाहेर राहतो.

या घराण्याची सुरुवात डिजिटल टीव्हीच्या आधीची आहे. १९९३ च्या सुमारास पिक १६सी८४ बाजारात आला. तोवर कंट्रोलरमधला प्रोग्राम पुसायचा म्हणजे चिपच्या काचेच्या खिडकीवर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरून बसायचं. हा कंट्रोलर विजेनेच पुसता यायचा, तोही चार-पाच तारांवरून, सर्किटमधून बाहेर न काढता. ब्रिटनमध्ये स्काय ही सशुल्क टीव्ही कंपनी तेव्हा चित्र कुलूपबंद करायला व्हिडिओक्रिप्ट नावाची पद्धत वापरत होती आणि या चिपवर तिची नकली कार्डं निघू लागली. १९९४ मध्ये स्कायने कार्डांची नवी पिढी आणली आणि ती सगळी कार्डं एका दमात निकामी झाली. पुढची दहाएक वर्षं युरोपभर हेच घडत राहिलं: कंपनी कुलूप बदलणार, कुणीतरी किल्ली पाडणार, कंपनी पुन्हा कुलूप बदलणार. काकांकडची मतं याच काळातली आहेत, आणि ती वाचताना हे सतत ध्यानात ठेवायला हवं.

आता 'गोल्ड मंद आहे' हे मत घेऊ. हे खरं होतं, आणि त्याचं कारण चिपच्या डाटाशीटच्या, म्हणजे माहितीपत्रकाच्या, पहिल्या पानावरच सापडतं. कार्डाला स्वतःचं घड्याळ नसतं, ते रिसीव्हर पुरवतो, बहुतेक वेळा साधारण ३.५७ मेगाहर्ट्झचं. पिकला एक सूचना पार पाडायला घड्याळाचे चार ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला नऊ लाखांच्या आसपास सूचना. फनकार्डातला ॲटमेलचा कंट्रोलर एव्हीआर घराण्यातला, तो बहुतेक सूचना एकाच ठोक्यात उरकतो, म्हणजे त्याच घड्याळावर सुमारे पस्तीस लाख. त्यात सोनेरी कार्डाच्या पिकला प्रोग्रामसाठी १०२४ शब्दांची जागा आणि ६८ बाइट रॅम. एवढ्या रॅममध्ये गणिताचे अर्धवट टप्पे मावत नाहीत. मग ते ईईप्रॉममध्ये टाकायचे आणि परत वाचायचे, आणि तेही दोन तारांवर एकेक बिट हाताने हलवून, कारण या कामाचं हार्डवेअर त्या चिपमध्ये नाहीच. एक सुटा बाइट वाचायला १०० किलोहर्ट्झच्या वेगाने जवळपास ०.४ मिलिसेकंद जातात. चॅनेल बदलल्यावर चित्र यायला सेकंद-दोन सेकंद जास्त लागायचे, ते या सगळ्या वळशांमुळे.

आता चंदेरीची निराशाही लगेच कळेल. लोकांनी जास्त पैसे मोजून सिल्व्हर घेतलं ते वेग वाढेल या अपेक्षेने. पण १६एफ८७७ हाही पिकच, त्यालाही एका सूचनेला चार ठोके लागतात. वाढली होती ती जागा: प्रोग्रामसाठी ८१९२ शब्द, म्हणजे गोल्डच्या आठपट, आणि रॅम ३६८ बाइट. ज्यांचा प्रोग्राम गोल्डमध्ये मावत नव्हता त्यांना सिल्व्हर वरदान वाटलं, आणि ज्यांचा मावत होता त्यांना पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटले. दोघांचीही मतं एकाच पानावर आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. मला स्वतःला सिल्व्हरवर अन्याय झाला असं वाटतं. प्रोग्रामच्या जागेपुरतं ते तिघांत सर्वात ऐसपैस कार्ड आहे.

फनकार्डाची स्तुती वेगामुळे झाली तशीच ईईप्रॉममुळेही झाली. कंपनी वर्गणीदारांच्या कार्डांना नव्या चाव्या हवेतूनच पाठवते. मोठ्या जागेमुळे फनकार्डावरचे प्रोग्राम हे निरोप ऐकून नवी चावी स्वतःच लिहून ठेवायला शिकले. मग दर वेळी कार्ड काढून प्रोग्रामरला लावायची कटकट उरली नाही. लोक 'फनकार्ड टिकतं' म्हणायचे ते या अर्थाने. खऱ्या टिकाऊपणात ते उजवं नव्हतं. एटी९०एस८५१५ च्या फ्लॅशची हमी १००० वेळा लिहिण्या-पुसण्याचीच आहे.

'मधेच अडकतं' हे मत मात्र जरा उकलून बघायला हवं, कारण इथे सर्वात जास्त घोटाळा झाला. प्रक्षेपणातलं चित्र ज्या चावीने बंद केलेलं असतं ती आठ बाइटची चावी सतत बदलत असते, साधारण दर दहा सेकंदांनी. रिसीव्हर प्रत्येक वेळी कार्डाला एक गूढ निरोप देतो, कार्ड तो सोडवतं आणि दोन चाव्या परत देतं, एक चालू आणि एक पुढची. पुढची चावी वेळेत आली नाही तर चित्र गोठतं, आणि उत्तर आलं की सुरू होतं. म्हणून मी चाचणी करणाऱ्या नव्या मुलांना एकच गोष्ट सांगायचो: गोठण्याच्या वेळा लिहून काढा. दर दहा सेकंदांच्या पटीत गोठत असेल तर दोष कार्ड आणि रिसीव्हर यांच्या संवादात आहे. कधीही, कसंही गोठत असेल, चौकोन-चौकोन पडत असतील, आवाज करकरत असेल, तर डिश, एलएनबी किंवा केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर बघा. कार्डाला दोष देणाऱ्या किती जणांच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असेल कोण जाणे. जर्मनीतल्या नोव्हेंबरात आणि साताऱ्याच्या जुलैत या बाबतीत फरक नाही.

तरीही संवादातले खरे दोषही होते. कार्डाचा प्रोग्राम बिटचा वेळ सूचना मोजून सांभाळतो. मानक असं की सुरुवातीला एका बिटला घड्याळाचे ३७२ ठोके. पिकच्या भाषेत ३७२ भागिले ४, म्हणजे बरोबर ९३ सूचना. सीरियलचं हार्डवेअर नसलेली चिप अशी ९३ सूचना मोजून एकेक बिट बाहेर ढकलते. घड्याळ थोडं वेगवान किंवा थोडं मंद असलं तरी हरकत नाही, कारण दोघेही त्याच ठोक्यांवर चालतात. पण एखादा रिसीव्हर ६ मेगाहर्ट्झचं घड्याळ देणारा असला आणि एका बिटला वेगळ्याच संख्येचे ठोके धरत असला, तर ३७२ ला बांधलेला प्रोग्राम तिथे गप्पच बसणार. त्यात काही पिक चिपा ४ मेगाहर्ट्झच्याच हमीच्या होत्या. ६ वर त्या थंडपणी चालायच्या आणि डबा तापला की अडखळायच्या. हिरव्या कार्डावर तुम्हाला हे वाचता येईल: चिपच्या नावापुढे '०४' असेल तर ती ४ मेगाहर्ट्झची, '१०' असेल तर १० ची. प्लास्टिकच्या कार्डात चिप पुरलेली असते, तिथे विक्रेत्याच्या शब्दाखेरीज काही नव्हतं.

'नव्या रिसीव्हरमध्ये कार्ड ओळखत नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा व्होल्टेज असतं. ही कार्डं ५ व्होल्टची. नंतरचे रीडर आधी कमी व्होल्टेजने कार्ड उठवून बघतात, आणि कुणी ओ दिली नाही तर काही ५ वर जातात, काही प्रयत्न सोडून देतात. १६एफ८४ आणि ८५१५ या दोघांचीही नेहमीची आवृत्ती ४ व्होल्टच्या खाली चालण्याची हमी देत नाही. कार्ड ठणठणीत, रीडर ठणठणीत, आणि दोघांची गाठच पडत नाही.

स्वस्तातल्या कार्डांची तक्रार मात्र पूर्ण खरी होती. त्यातला एक प्रकार तुम्हाला घरबसल्या पकडता येईल. फनकार्डावर ३२ किलोबाइट लिहिलेलं असतं आणि आत ८ किलोबाइटचाच ईईप्रॉम असतो. पत्ता ० वर एक आकडा लिहा, मग पत्ता ८१९२ वर वेगळा आकडा लिहा आणि पुन्हा ० वाचा. दुसराच आकडा परत आला तर आतली चिप लहान आहे. ती पत्त्याचे वरचे बिट बघतच नाही आणि गिरकी घेऊन पहिल्याच खोलीत शिरते. अशा कार्डावर छोटा प्रोग्राम व्यवस्थित चालायचा, मोठा टाकला की दोन दिवसांनी काहीतरी बिघडायचं, आणि वापरणारा म्हणायचा कार्ड मेलं.

'मेलं' म्हटलेली बरीचशी सोनेरी कार्डं तर जिवंतच होती. त्यांचा ईईप्रॉम पिकच्या मागे लपलेला असतो, त्याच्या पिना बाहेरच्या सोनेरी संपर्कांवर येत नाहीत. म्हणून आधी पिकमध्ये एक छोटा लोडर टाकायचा, त्याच्यामार्फत ईईप्रॉम भरायचा, आणि मग लोडर पुसून खरा प्रोग्राम टाकायचा. मधली पायरी गाळली की कार्ड रिसेटला उत्तर देतं आणि पुढे ढिम्म.

राहिलं 'शुक्रवारी चालत होतं, सोमवारी मेलं'. इथे कार्डाचा काहीच संबंध नाही, समोरच्याने कुलूप बदललं. जर्मनीतलंच उदाहरण घ्या, कारण काका तिथे होते. प्रीमियर ही तिथली सशुल्क वाहिनीसेवा, पुढे २००९ मध्ये तिचं नाव स्काय झालं. ती बीटाक्रिप्ट नावाची पद्धत वापरायची, जी इर्डेटो या आधीच्या पद्धतीपासून निघालेली होती. ती फुटली आणि प्रोग्राम केलेल्या कार्डांचं पीक आलं. २००३ मध्ये कंपनीने नाग्राव्हिजन या दुसऱ्या पद्धतीकडे मोर्चा वळवला आणि त्या सगळ्या कार्डांचा उपयोग संपला. काही काळाने तीही पद्धत वाकली, तेव्हा २००८ मध्ये पुन्हा बदल झाला. फ्रान्सच्या कॅनाल प्लसची मीडियागार्ड पद्धत ब्रिटनमध्ये आयटीव्ही डिजिटल ही सशुल्क टीव्ही सेवाही वापरत होती. ती फुटली, आणि मार्च २००२ मध्ये कॅनाल प्लसने प्रतिस्पर्धी एनडीएसवर अमेरिकेत दावा ठोकला. आमच्या कार्डातला कोड तुम्हीच बाहेर फोडलात असा आरोप होता, तो एनडीएसने नाकारला, आणि पुढे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात दावा मागे घेतला गेला. आयटीव्ही डिजिटल त्याच वर्षी बंद पडली. त्यामागे फुटबॉलच्या हक्कांचा भारी करार आणि इतर कारणंही होती, पण फुकट बघणाऱ्यांचा फटका हेही त्यातलं एक कारण म्हणून मांडलं गेलं.

अमेरिकेतली २१ जानेवारी २००१ ची गोष्टही या मतांमध्ये डोकावते. तिथे डिरेकटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीची खरी कार्डंच लोक पुन्हा लिहून घ्यायचे. सुपर बोल सामन्याच्या आधीच्या रविवारी कंपनीने उपग्रहावरून असा निरोप सोडला की छेडलेल्या कार्डांच्या, एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत कायमचा आकडा कोरला गेला आणि कार्डं अडकून पडली. त्या दिवसाला लोक 'ब्लॅक संडे' म्हणतात. ही खरी कार्डं होती, काकांकडच्या कोऱ्या कार्डांसारखी नव्हती, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कोरं कार्ड कंपनी कायमचं मारू शकत नाही, ती त्यावरचा प्रोग्राम निरुपयोगी करू शकते. 'मेलेलं' फनकार्ड पुसलं की पुन्हा कोरं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विचारणारा शिकणारा मुलगा आहे. त्या मतांपैकी बरीच मतं पैसे न भरता चॅनेल बघणाऱ्यांची आहेत. कोरं कार्ड विकत घेणं हा गुन्हा नव्हता, हजेरी यंत्रापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत अशी कार्डं वापरली जायची. पण युरोपीय संघाने १९९८ मध्येच निर्देश काढला आणि सशुल्क सेवा फोडणाऱ्या साधनांची व्यापारी निर्मिती व विक्री मे २००० पर्यंत सदस्य देशांनी बंद करावी असं ठरवलं. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. संरक्षणाचं कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हल्ली कुणी इंटरनेटवरून चाव्या पुरवतो म्हणून पैसे मागेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे शिकण्यासारखं काही नाही, आणि आपल्या घरच्या नेटवर्कचं दार अनोळखी माणसाला उघडून दिल्यासारखं होतं.

शिकण्यासारखं जे आहे ते तुमच्या हातातच आहे, आणि मला खरं त्याबद्दलच लिहायचं होतं. खिशातलं सिम, बँकेचं कार्ड, रेशनच्या यंत्रातलं सुरक्षा मॉड्यूल, सगळी एकाच मानकाची लेकरं: आयएसओ ७८१६. आठ संपर्क, त्यातले पाच कामाचे: वीज, रिसेट, घड्याळ, जमीन (ग्राउंड) आणि एकच डेटाची तार. बंद कार्ड विकत घेतलं तर आतलं काही दिसत नाही. काकांच्या कार्डात तुम्ही प्रत्येक सूचना स्वतः लिहू शकता. अशी शिकवणी आज विकत मिळत नाही.

सुरुवात फनकार्डाने करा, कारण एव्हीआरसाठी सी भाषेची मोफत साधनं मिळतात आणि ५१२ बाइट रॅममध्ये हातपाय पसरता येतात. पहिला प्रोग्राम एवढाच: रिसेट मिळाल्यावर आपली ओळख सांगायची. याला रिसेटचं उत्तर म्हणतात, एटीआर. रिसेट सुटल्यापासून ४०० ते ४०,००० ठोक्यांच्या आत त्याचा पहिला बाइट निघायला हवा. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. पहिला बाइट ३बी (हेक्साडेसिमलमध्ये) ठेवा. कॉलेजच्या ऑसिलोस्कोपचा प्रोब डेटाच्या तारेवर लावा आणि एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा धरून पडदा लावा. रेषा वर स्थिर असेल. मग दिसेल: एक खाली, दोन वर, एक खाली, तीन वर, दोन खाली, एक वर. पहिला 'खाली' हा प्रारंभ बिट, शेवटचा 'वर' हा चूक पकडण्यासाठीचा पॅरिटी बिट, मधले आठ म्हणजे ३बी, लहान बिट आधी. मग दोन बिटांची विश्रांती आणि पुढचा बाइट. हा नमुना मुद्दाम असा निवडलेला आहे: रीडर त्यावरून बिटची लांबी मोजतो आणि कार्ड सुलट बोलतं की उलट हेही ओळखतो. उलट बोलणारं कार्ड ३एफ ने सुरू होतं. हा एक बाइट पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलात की सीरियल संवादाचं पुस्तकातलं प्रकरण पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

त्यानंतर आज्ञा ऐकायला शिकवा. रीडर पाच बाइट पाठवतो: वर्ग, सूचना, दोन पॅरामीटर आणि लांबी. तुमच्या ओळखीचा वर्ग नसेल तर ६ई ००, सूचना ओळखीची नसेल तर ६डी ००, काम झालं तर ९० ००. एवढ्या तीन उत्तरांवर कार्ड सभ्यपणे वागू लागतं. मग ईईप्रॉममध्ये विद्यार्थ्याचं नाव आणि हजेरीचा आकडा ठेवणारं कार्ड बनवा. डिप्लोमाच्या प्रकल्पाला हे पुरेसं आहे, आणि तोंडी परीक्षेत कुणी काहीही विचारलं तरी उत्तर तुमच्या स्वतःच्या कोडात असेल. तोच प्रयोग सोनेरी कार्डावर, १०२४ शब्दांत बसवून बघा. ९३ सूचनांत एक बिट बसवण्याची कसरत केली की काकांच्या वेळच्या प्रोग्रामरांनी किती अडचणीच्या जागेत काम केलं ते कळेल. त्यांच्या हेतूबद्दल माझं मत वेगळं आहे, कारागिरीबद्दल आदर आहे.

प्रोग्रामरबद्दल दोन गोष्टी. त्या डब्यात एखादी ३.५७९ लिहिलेली आणि एखादी ६.००० लिहिलेली स्फटिकाची (क्रिस्टलची) डबी दिसली आणि मॅक्स२३२ चिप दिसली, तर तो फिनिक्स किंवा स्मार्टमाउस पद्धतीचा रीडर आहे. तो यूएसबी-टू-सीरियल तारेवरही चालतो. ९६०० वेग, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट. पण स्फटिक नसलेला, पोर्टमधूनच वीज ओढणारा छोटा प्रोग्रामर असेल, तर त्याला जुना कॉम्प्युटर आणि खरा सीरियल पोर्टच हवा. यूएसबीच्या तारेवर त्याची वेळ सांभाळली जात नाही आणि वीजही पुरत नाही. अशा वेळी फनकार्डासाठी साधा एव्हीआर प्रोग्रामर तारा जोडून वापरता येतो.

बँकेचं चालू कार्ड किंवा वापरातलं सिम या जुन्या ५ व्होल्टच्या रीडरमध्ये घालू नका. नवी सिमं एवढ्या व्होल्टेजसाठी नसतात, आणि चुकीचा पिन ठरावीक वेळा गेला की बँकेचं कार्ड कुलूपबंद होतं. खरी कार्डं बघायची असतील तर बाजारात मिळणारा साधा यूएसबी कार्ड रीडर घ्या, लिनक्सवर पीसीएससी स्कॅन (pcsc_scan) हा प्रोग्राम चालवा आणि फक्त एटीआर वाचा. पुढची पायरी म्हणून कोरी जावाकार्डं, म्हणजे जावा भाषेत प्रोग्राम लिहिता येणारी कार्डं, मिळतात. त्यांत काकांच्या कार्डांत कधीच नव्हतं ते सांकेतिक गणिताचं हार्डवेअर असतं.

हिरवं लांबट कार्ड मात्र रिसीव्हरच्या फटीत पुन्हा पुन्हा घालू नका. त्याच्या काठांनी आतले स्प्रिंगचे संपर्क वाकतात, आणि तो रीडर आता सुटा मिळायचा नाही. ते टेबलावरच ठेवा, चिपच्या पायांवर थेट प्रोब लावता येतो म्हणून मोजमापासाठी तेच सर्वात सोयीचं आहे. आणि काहीही करण्याआधी चारही कार्डं पूर्ण पुसून घ्या. आतले जुने प्रोग्राम आता कुठल्याच सेवेला चालत नाहीत, आणि आतला प्रोग्राम वाचू न देणारं कुलूपबिट लावलेलं असलं तरी पूर्ण पुसल्यावर ते निघून जातं. पुसताना प्रोग्रामरने चिपची ओळख बरोबर वाचली का ते बघा. तिथेच कळेल की काकांनी दाम मोजून घेतलेल्या फनकार्डात खरंच ८५१५ आहे का.